मी पितर झालो ती दुपार

समस्त भाऊबंद, सोयरेधायरे आणि वारंगा फाट्यावरचे चहावाले यांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की गेल्या पितृपक्षात भर दुपारी मी मयत झालो आणि लगेच जेवायला बसलो.

आमच्याकडे पितराच्या जागी जिवंत माणूस बसवतात. त्याचे पाय धुतात, टिळा लावतात, पोट फुटेस्तोवर वाढतात. माणूस मात्र जरा पिकलेला लागतो. त्या आठवड्यात माझा केसांना कलप लावायचा राहिला आणि शेजारी दारात हजर.

"भाऊ, उद्या आमच्या बापाच्या जागी बसा."

"मीच काहून?"

"दरसालचे तात्या आजारी हायेत. अन् आता तुमी बी शोभता."

बायको आतून म्हणाली, "जा की. नुसतं बसून खायचं हाय. सराव हाय तुमाला."

त्याच्या बापाला मी चांगला ओळखत होतो. लहानपणी त्यांनी मला बैलगाडीत घालून कितीदा बाळापूरच्या बाजाराला नेलं होतं. मी कधी आभार मानले नाहीत, त्यांनाही ते रुचलं नसतं. कारण त्यांनी स्वतः जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही. बायकोच्या स्वयंपाकाचं तर नाहीच. वाटी चाटूनपुसून खायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी हाय."

"माय दरसाल पितराला विचारती, कढी कशी झाली," शेजारी सांगत होता. "तात्या म्हणतात, झकास. मग तिचं तोंड उतरतं. म्हणती, हे तुमी बोलून राहिले, त्ये असं बोलले नसते."

दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसलो. पाय धुताना गुदगुल्या झाल्या, पण पितराने हसायचं नसतं, म्हणून मी थोर पुरुषासारखा छताकडे बघत राहिलो. डोक्यावर नवी टोपी आली. पानात वडे, खीर, गवारीची भाजी आणि वाटीभर कढी. शेजाऱ्याची माय, ऐंशीची काकू, समोर येऊन बसली.

"कढी कशी झाली?"

मी भुरका मारला, कपाळाला आठ्या घातल्या, घसा खाकरला आणि म्हणालो, "मीठ कमी हाय."

काकू ताठ झाली. डोळे लकाकले. नवरा आला होता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला माझी आई आठवली. तिच्या हातची कढी मी तीस वर्षं मुकाट्याने ओरपली आणि एकदाही काही बोललो नाही. आता सांगायचं कुणाला? मी वाटी पुढे केली, आणि ज्या काकूला उभा जन्म अहोजाहो केलं तिला म्हणालो, "पण तुझ्यावाणी कढी कुणाला जमत न्हाई. वाढ अजून."

शेजारी हातातला तांब्या विसरला. काकूने पळीभर कढी वाढली, पुन्हा पळीभर वाढली, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि लेकाकडे वळून म्हणाली, "मेल्यावर का होईना, अक्कल आली ह्या माणसाला."