केळीचं सोपट

चोपड्याहून यावलला येताना, भर मे महिन्यात दुपारी दोनला, माझी जुनी गाडी बंद पडली आणि तासभर काही केल्या सुरू होईना. तेवढ्यात शेजारच्या केळीच्या बागेतून एक गृहस्थ आला. बनियनवर टॉवेल, हातात विळा, गालात तंबाखू. कोणी विचारलं नव्हतं, तरी इंजिनात असा वाकला, जणू याच्याच गोठ्यातली म्हैस अडली आहे.

"प्लग पुसलेत, बॅटरी चांगली आहे," मी ठसक्यात सांगितलं.

त्यानं माझ्याकडे न बघता पिंक टाकली. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला बोट लावलं आणि चटका बसताच झटकलं.

"भाऊ, घंटाभर झाला, तुम्ही सोताचाच घाम पुसू राह्यले. हिचा कोन पुसीन?"

अडाणी तो अडाणी, मी मनात म्हटलं. त्यानं बांधावर पडलेल्या केळीच्या खोडाचं पाण्यानं भरलेलं गार सोपट सोललं आणि त्या पंपाभोवती गुंडाळलं. मला हसूच आलं. दहा मिनिटं तो खोडावर बसून टॉवेलनं वारा घेत राहिला.

"मारा आता स्टार्टर."

पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली.

"काय करता तुम्ही?" त्यानं सहज विचारलं.

वीस वर्षं मी कॉलेजात इंजिन शिकवतो. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी कशी बंद पडते, यावर दरवर्षी परीक्षेत हमखास प्रश्न काढतो.

"विम्याचं काम," मी म्हणालो.