विहिरीतला ठोसा

मला पोहता येत नाही.

एवढं एक वाक्य लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. घरात तो विषय निघाला की मी चहा मागायचो, चहा समोर असला तर सुपारी शोधायला उठायचो. आता सत्तरी उलटली, गुडघे गेले. पटकन उठून जायचंही जमत नाही. तेव्हा सांगून टाकतो.

पोहता येतं ही थाप मी दुष्काळात मारली, यात माझी हुशारी होती. सिडकोत नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं. आमच्या गावाकडं, देवगाव रंगारीला, विहिरींचे तळ उघडे पडलेले. शहर मात्र वाढतच होतं. रोज नवी इमारत आणि तिच्या दारात टँकर. अशा दिवसांत "आम्ही लहानपणी विहिरीत सूर मारून तळाची माती मुठीत आणायचो" असं सांगायला भीती कसली? खरं-खोटं करायला पाणी होतं कुठं! (खरं सांगायचं तर लहानपणी मला कमरेला दोर बांधून एकदाच विहिरीत सोडलं होतं. मी अशी बोंब ठोकली, की शेजारच्या शेतातले लोक साप निघाला समजून काठ्या घेऊन धावले.)

माझी भाची रेणू बॉक्सिंग करायची. अंगानं काडी, पण तिच्या उजव्या हाताला सगळी तालीम वचकून असायची. राज्याच्या संघाची निवड चाचणी पुढच्याच आठवड्यात होती आणि तिचे खांदे भरून आले होते. तिचे उस्ताद घरी येऊन बजावून गेले, "पोहना बंद नक्को करो. पानी में खंदे कू मार नहीं लगता, और दम दुगना होता!"

पण रेणू जायची तो पोहण्याचा तलाव पाणीटंचाईमुळं बंद झालेला. मी मोठ्यानं हळहळलो आणि मनातल्या मनात पेढे वाटले.

"दादा," माझी धाकटी बहीण कुसुम, म्हणजे रेणूची आई, म्हणाली, "तुझ्या त्या भगवानरावांच्या विहिरीत पाणी हाय म्हणं?"

शेंद्र्याकडं भगवानरावांची मोसंबीची बाग होती. ती जगवायला ते टँकर आणून विहिरीत ओतायचे. साऱ्या जिल्ह्यात माझी थाप उघडी पाडण्याइतकं पाणी एकाच माणसाकडं होतं आणि तो माझा मित्र निघाला!

"विहिरीत? अगं, पोरीला काही लागलं-बिगलं तर?" मी म्हणालो.

"मामा, मी रोज तोंडावर ठोसे खाते," रेणू म्हणाली.

"एकटीला मी नाय सोडायची," कुसुम म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. "दादा, तू संगं असशील तरच." तो लगेच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून विहिरीच्या पायऱ्या उतरत होतो. म्हणजे बसून, एकेका पायरीवरून खाली सरकत होतो. खाली हिरवंकाळं पाणी होतं. ते माझ्याकडं बघतंय असं मला वाटत होतं.

रेणूनं सूर मारला, दोन-चार फेऱ्या मारल्या. "मामा, या की!"

"आधी अंदाज घेतो पाण्याचा."

"किती वेळ घेणार?"

"लई खोल हाय गं!"

"लहानपणी तळाची माती काढायचात ना?"

"तेव्हा तळ जवळ होता!"

ती हसली. "बरं, आता मी खाली दम धरून बसणार. घाबरू नका."

आणि ती गेली. पाणी मिटलं. मी आकडे मोजायला लागलो. घाबरून चाळीसनंतर एकदम सत्तर आले. बुडबुडे येत होते, ते थांबले. वर मोटारीचा पाइप, खाली पाणी, मध्ये मी आणि माझी थाप! "रेणू!" मी ओरडलो. विहिरीनं तेच नाव मला परत केलं. कुसुमला काय सांगू? मी वाकलो. आणखी वाकलो.

माझी हाक ऐकून धावत आलेल्या बागेतल्या गड्यांनी पुढं सगळीकडं सांगितलं की पोरीला वाचवायला मी उडी मारली. उडी शेवाळानं मारली. मी फक्त त्याच्याबरोबर गेलो.

रेणू तोवर वर आली होती. मी तिच्या गळ्याला अशी मिठी मारली की आम्ही दोघंही खाली गेलो.

"मामा, मान सोडा!" वर येताच ती ओरडली.

"नाय सोडत!"

"अहो, दोघंबी मरू!"

हे मला पटलं. पण हातांना पटेना. पुन्हा पाणी नाकातोंडात गेलं. वर आलो तेव्हा रेणूनं डाव्या हातानं मोटारीचा पाइप पकडला होता. उजवा हात मला दिसला, पण येताना नाही, आल्यावर दिसला.

तिच्या कारकिर्दीतला तो सर्वात नेमका ठोसा असावा. समोर पंच नव्हते, टाळ्या नव्हत्या, फक्त माझा जबडा होता. माझे हात आपोआप सुटले. तिनं मला मानगुटीला धरून पायरीवर ओढलं. मग आपला उजवा हात पोटाशी घेऊन खाली बसली.

दवाखान्यात माझा जबडा फडक्यानं बांधला, तिच्या हाताला प्लास्टर घातलं. कुसुम रडत आली. "दादा, तू वाचवलंस व्हय रे पोरीला?"

मला बोलता येत नव्हतं. मान आडवी हलवली की जबड्यातून कळ निघायची. उभी हलवली तर काहीच दुखत नव्हतं. मी उभी हलवली.

रेणूनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली.

गल्लीनं मला शाल-नारळ दिला! निवड चाचणीच्या दिवशी रेणू गळ्यात हात अडकवून प्रेक्षकांत बसली होती. पुढं नोकरी लागली, लग्न झालं. संघात काही ती गेली नाही. आणि इकडं दर दिवाळीला कुसुम नातवंडांना सांगायची, "या मामाआजोबांनी तुमच्या आईला बुडताना काढलं." रेणू करंज्या तळत राहायची. तिनं कधी तोंड उघडलं नाही, आणि मी कधी शाल परत केली नाही.

रेणू आता मुलींना बॉक्सिंग शिकवते आणि आठवड्यातून दोनदा पोहायला नेते. गेल्या महिन्यात धीर करून मी तिथं गेलो. पाण्यात काठ धरून ती मुलींना दम धरायला शिकवत होती. मी शक्य तितका जवळ, म्हणजे पाण्यापासून चार हात लांब, उभा राहिलो. ती मुलींसकट पाण्याखाली गेली आणि मी बोललो. "रेणू, तू मला वाचवलंस. मी तुझी चाचणी बुडवली, वर शाल पांघरून बसलो. मला माफ कर." अगदी स्पष्ट, एकही शब्द न अडखळता.

ती वर आली. "काही म्हणालात का, मामा?"

"म्हटलं... पाणी थंड आहे का?"

"उतरून बघा की!"

मी मान हलवली. आडवी. जबडा अजिबात दुखला नाही.