दगडाचा भरडा

शेवगावची राहीबाई नगरच्या एका प्रयोगशाळेत दगड दळायला लागली, तेव्हा गावात हशा पिकला. बहात्तरचा दुष्काळ, जात्यात घालायला दाणा नाही, आणि ही बया म्हणे दगड दळून पोट भरणार! हसेनात का. दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या तळहातांची सालटं निघाली होती. तिकडे परत जायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

तिथले गोरक्षनाथ सर भला माणूस, फक्त घायकुता. लांबून आणलेल्या वाळूच्या दगडात दुर्मिळ धातूंचे जड कण असतात. दगड दळून पाण्यात धुतला की हलकी वाळू वाहून जाते आणि कण तळाशी राहतात, असं त्यांनी तिला समजावलं होतं. "बारीक, अजून बारीक," हा त्यांचा जप. ती पिठासारखं दळायची, आणि तळाशी काही म्हणता काही राहायचं नाही.

शेवटी एकच पोतं उरलं. सर म्हणाले, "यातून काही निघालं नाही, तर काम बंद करावं लागेल, राहीबाई."

शिकलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून दोन महिने ती गप्प होती. आता गप्प बसणं म्हणजे आपल्या पायानं खडीवर जाणं.

"सर, रागावू नका. डाळ करताना आमी हरबरा दळत न्हाई, भरडतो. लई बारीक केलं की डाळीचं पीठच हुतं. तुमच्या जड दान्यांचंबी आपन पीठ करून पान्यात सोडतोय."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि उरलेलं पोतं तिच्यापुढं सरकवलं.

राहीबाईनं जात्याच्या मधल्या खिळीला चिंधी गुंडाळून वरची तळी जराशी उचलली आणि हलक्या हातानं दगड भरडला. वाळू सुटी झाली, दाणे शाबूत राहिले. धुतल्यावर परातीच्या तळाशी मधाच्या रंगाचे बारीक कण दिसले.

सरांनी ते तेजाबात शिजवले, गाळले, त्या पाण्यात आणखी एक औषध सोडलं. चार दिवस राहीबाईला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी काचेच्या भांड्यात पांढरा साका बसला. "यातच आहेत ते धातू," सर म्हणाले, आणि राहीबाई लाज सोडून मोठ्यानं रडली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खाणीची पोती आली. सरांनी विचारलं, "हे किती जाड ठेवायचं?"

तिनं एक खडा उचलला, नखानं खरवडला. "आधी बघू तर द्या," म्हणाली. आणि दोन पदव्यांचा तो घायकुता माणूस मुकाट्यानं थांबला.