पट्टा की घड्याळ

आबांना पोचवून माणसं लवकर परतली, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट होती. आबा म्हणजे माझे वडील. केदारखेड्याला नदीकाठी त्यांची चिता पेटली. गावची रीत अशी, की कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. लाकडं ओली असली तर माणसं बसून बसून कंटाळतात, तंबाखू मळतात, पीकपाण्याचं बोलू लागतात. आबांच्या वेळी मात्र लाकडांनी नीट पेट घेतला न घेतला तोच आवाज झाला. मोकळा झाला, असं म्हणून सगळे उठले.

आम्ही बायका घरी होतो. मी पाणी भरत होते आणि हंडा अजून अर्धाही झाला नव्हता. दारात ठेवायचा कडुलिंबाचा पाला तोडायचाच होता. तेवढ्यात पावलं वाजली. पाहते तर पुढे माझा धाकटा भाऊ, ओल्या धोतरात, आणि मागे सगळा गाव. मला क्षणभर वाटलं, काहीतरी राहिलं म्हणून परत आलेत. चुलते म्हणाले, "पोरी, लई जल्दी सुटला बघ तुझा बाप. कशातच जीव गुंतला न्हवता त्याचा."

हे वाक्य भावाने पुढे कित्येक वर्षं जपलं. कुणाच्याही मयतीला गेला की आमच्या आबांचं कसं झालं ते सांगायचा. सांगताना त्याची मान ताठ व्हायची. मीही मान डोलवायचे. पण ती पावलं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. दुपारी जरा डोळा लागला की दारात पावलं वाजायची आणि मी दचकून उठायचे. इतक्यात कसे आले? दार उघडलं तर कुणी नसायचं. मास्तरीण बाई आणि भुतांना घाबरते, असं लोक म्हणतील म्हणून मी हे कुणाला सांगितलं नाही.

आबा जाण्याआधी काही वर्षं त्यांना पुण्याला नेऊन छातीत पेसमेकर बसवला होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. गावात तेव्हा असं कुणाला काही बसवलेलं नव्हतं, त्यामुळे माणसं बघायला यायची. आबा सदऱ्याचं बटण काढून कातडीखालचा तो उंचवटा दाखवायचे. "सेल टाकलाय माझ्यात, रेडिओत टाकतेत तसा," म्हणायचे. "हात लावा, पर दाबू नका." शेवटी ते तापाने गेले. सेल तेव्हाही चालूच असावा.

पुढे शेत भावाला मिळालं आणि आजार मला. शाळेतून निवृत्त झाल्यावर एक दिवस जुन्या जालन्यात किराणा घेता घेता मी दुकानाच्या ओट्यावरच कोसळले. शुद्धीवर आले तर तोंडावर पाणी आणि भोवती निम्मा बाजार. औरंगाबादला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, वडिलांना होतं तेच. मलाही पेसमेकर बसला.

डॉक्टरांनी रोज भरभर चालायला सांगितलं. ठोके किती वाढू द्यायचे त्याची एक हद्दही घालून दिली. सांगणं सोपं असतं. मला चालायचीच भीती बसली होती. चार पावलं टाकली की माझा हात मनगटाकडे जायचा, ठोके मोजायचे, मध्येच चुकायचे, पुन्हा मोजायचे. रस्त्यातली माणसं बघायची. खरं सांगते, मरणाची एवढी भीती नव्हती. आत जे चाललं आहे ते माझं की त्या मशीनचं, हे कळत नव्हतं, आणि त्याने जीव घाबरायचा.

भाऊ तेव्हा मुलांच्या शिक्षणासाठी जालन्यात आला होता, माझ्या पलीकडच्याच गल्लीत. त्याला माझं ते मनगट चाचपणं बघवेना. आमच्या नेहमीच्या कापड दुकानदाराच्या पुतण्याने व्यायामाचं सामान विकायला ठेवलं होतं. भावाने त्याच्याकडून ठोके मोजायची दोन यंत्रं पसंतीला आणली. लग्नाच्या साड्या आणतात तशी, एक ठेवायचं नि एक परत. एक होतं छातीला बांधायचा पट्टा, त्याचा आकडा मनगटावरच्या घड्याळात उमटायचा. दुसऱ्यात पट्टा नव्हता, नुसतं घड्याळ, त्याच्या धातूच्या कडेवर बोट टेकवायचं. भावाचं मन पट्ट्यावर. "पट्टा काळजाजवळ ऱ्हातो आक्का, त्याला बराबर कळंल."

पट्टा बांधून मी वाटाणे सोलत बसले. घड्याळ एकशे चाळीस दाखवू लागलं.

"आक्का, तू बसल्या बसल्या पळून राह्यली का?" भाऊ हसला. मग हसू आटपून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. मनगट धरलं तर ठोका शांत होता. पट्टा काढून टाकला, आणि दोन्ही यंत्रं पिशवीत घालून आम्ही औरंगाबादची बस धरली. पेसमेकर तपासायला कंपनीचा एक तरुण तंत्रज्ञ त्या दिवशी दवाखान्यात येणारच होता.

त्याने माझ्या खांद्याखाली एक चकती ठेवली. पडद्यावर रेघा उमटल्या. मग म्हणाला, आता पट्टा बांधा. पडद्यावर सत्तर, घड्याळात पुन्हा एकशे चाळीस. "घाबरू नका," तो म्हणाला. "पेसमेकर आधी विजेचा इशारा देतो, मग ठोका पडतो. हा पट्टा दोन्ही मोजतोय." दुसऱ्या घड्याळाच्या कडेवर बोट टेकवलं तर बरोबर सत्तर. त्याने मला खोलीतच चालायला लावून पुन्हा ताडून पाहिलं. "तुम्हाला हे चालेल. दुसऱ्या कुणाला पट्टाही चालला असता, पण असं तपासल्याशिवाय कळत नाही. आणि घड्याळाचा संशय आला तर मनगट आहेच."

मला इतकं हलकं वाटलं, की त्याला घरी जेवायला बोलवावं असं मनात आलं. भाऊ पट्टा घडी घालून खोक्यात ठेवत होता. तो शेतकरी माणूस, कुठल्याही वस्तूचं पुढे काय होतं हे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. सहज म्हणाला, "सायेब, येवढं महागाचं मशीन. माणूस गेल्यावर काय करतेत त्याचं?"

"काढून घ्यायचं. डॉक्टरांना आठवणीने सांगायचं. तसंच राहिलं तर चितेत बॅटरी फुटते."

भावाचा हात थांबला. "आवाज होतो?"

"होतो. चांगला मोठा."

"किती येळानं?"

"विस्तव नीट लागला की थोड्याच वेळात. का हो?"

पट्ट्याचं टोक खोक्यात बसत नव्हतं, ते भाऊ दाबत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते कळेना. त्या पोराचा? त्याने तर खरं तेच सांगितलं. आबा तिथे आत्ता कुठे पेटत होते, आणि सगळा गाव ओल्या धोतरांनी घरी येत होता. माझा हंडा अर्धाही भरला नव्हता. इतकी वर्षं मी ज्या पावलांना भीत होते, ती खरोखरच लवकर आली होती.

परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीबाहेर बघत होता. बदनापूर मागे पडल्यावर बोलला.

"राख सावडायला गेल्तो ना, तवा येक पत्र्याचा तुकडा सापडल्ता. मला वाटलं, तुपाच्या डब्याचा हाय. नदीत फेकून देल्ता."

त्याने मांडीवरचं खोकं जवळ ओढलं.

"आक्का, आवाज झाल्यावर पयला मीच उठलो. चला म्हणालो. मंग आबा तिथं येकलेच..."

"तुला काय माहीत होतं रे," मी म्हणाले. ते खरंच होतं, पण तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. जालना येईपर्यंत खोकं त्याच्या मांडीवर होतं आणि दोन्ही हात त्या खोक्यावर.

पट्टा दुकानात परत गेला. मी गेल्यावर माझं मशीन मात्र आधी काढून घ्यायचं, हे मी त्याला स्पष्ट सांगून ठेवलं. तो फक्त "बराबर" म्हणाला. आबा कसे लवकर सुटले, हे त्यानंतर त्याने कुणालाही सांगितलेलं मी ऐकलं नाही. चारचौघात चुलत्यांनी विषय काढला तर तो उठून बाहेर जायचा.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्यासोबत चालायला येऊ लागला. तळ्यापर्यंत जायचं आणि परत. त्याची गल्ली वाटेत आधी लागते, पण तो तिथे वळत नाही, माझ्या दारापर्यंत येतो नि पायरीवर बसतो. मी घड्याळावर बोट टेकवून आकडा वाचून दाखवते. मोठा असतो. थोड्या वेळाने पुन्हा वाचते. उतरत उतरत तो जागेवर येतो.

"आला बघ खाली," मी म्हणते. "जा आता, तिकडं तुझा चहा गार होऊन राह्यला."

तो जागचा हलत नाही.

"बसू दे जरासं," म्हणतो. "मागं लई जल्दी उठल्तो."