मागच्या बाल्कनीतला ब्रेक

आमचे भाऊजी बसचे ड्रायव्हर. निवृत्त झाले, पण कुठल्याही गाडीत पुढे तोंड करून बसवलं की त्यांचा उजवा पाय अजून आपोआप ब्रेक दाबतो. अशा माणसाला विश्रांती मिळावी म्हणून ताई त्यांना बोटीच्या सहलीला नेणार होती!

बुकिंगच्या ऑफिसातल्या मुलीने बोटीचा नकाशा पसरला. "काका, खोली पुढची हवी की मागची? मागची बाल्कनी मोठी आहे, पण बोट कुठे चाललीय ते दिसणार नाही."

भाऊजी गांगरले. "मग वळण आलेलं कसं कळणार?"

"अहो, वळण तुम्ही घेणार आहात का?" ताई म्हणाली.

त्यांनी नकाशा उलटा केला, सुलटा केला, खुर्ची फिरवून पाठमोरे बसून पाहिलं. शेवटी पुढच्या खोलीवर बोट ठेवलं, आणि टेबलाखाली बूट करकचून दाबला गेला.

"मागचीच द्या," ताईने सांगून टाकलं. "चार दिवस तरी यांच्या पायाला सुट्टी!"

भाऊजींनी मुकाट्याने मान डोलावली. मग ताईची नजर चुकवून मुलीला हळूच विचारलं, "बाल्कनीत पुढचं दिसायला आरसा असतो ना?"