कापसाच्या खोलीतला पाळणा

मंडळी, एक जाहीर तक्रार: आमच्या घराच्या भिंती परवानगी न घेता माझ्यामागून गातात.

आज नातीच्या बारशासाठी पाळणा टेप करायचाच होता. जावयांचं टेपचं यंत्र संध्याकाळी त्यांच्याबरोबर सुरतेला परत जाणार. पुन्हा पुन्हा गायलो, पण ऐकताना वाटे, विहिरीत पडलेला माणूस मदत मागतोय!

बायको म्हणाली, "कापूसनी खोलीमा बसा. नात निजेल शे असं समजीसन म्हना, वरडू नका."

"जमलं तर चहा मी करीन," मी टोमणा मारला.

कापसाच्या ढिगाने सगळं घुमणं गिळलं. हळू गायलो, तर आवाज चक्क माझाच निघाला. तुम्ही घरी कुठे बसून गाता?

मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं.