चौथा वॉशर

उल्हास पिंपळापुरेच्या शेजारी जेवायला बसू नये, हा सल्ला एडमंटनच्या आमच्या मराठी मंडळात नव्या माणसाला विंटर टायर्सच्याही आधी मिळतो. मला तो कोणी दिला नाही. त्यामुळे २००१च्या संक्रांतीला माझ्या ताटात गुळाची पोळी असताना त्याने खिशातून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक वाकलेला बोल्ट, आणि एक चौकोनी लोखंडी वॉशर, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ.

"हा बोल्ट काऊन वाकला, सांग."

मी पुण्याचा, त्यातून सॉफ्टवेअरवाला. मला काय ठाऊक? पोळी गार झाली, पण मला ठाऊक झालं.

उल्हास मूळचा नागपूरचा. इथे तो एका स्टीलच्या कारखान्यात बोल्ट तपासायचा. मोठमोठे सांगाडे ज्यांवर उभे राहतात ते बोल्ट फार कडक पोलादाचे असतात. सरळ ओढ कितीही सोसतात. पण नट उतारावर बसला, की सगळा ताण एका बाजूला येतो आणि बोल्ट वाकतो. म्हणून नटाखाली असा एकीकडे जाड वॉशर घालून उतार भरून काढायचा. एवढंच. हे एवढंच सांगायला त्याला चाळीस मिनिटं लागत. "जितका कडक, तितका वाकायला कच्चा," हे त्याचं शेवटचं वाक्य. ते ऐकायला सहसा कोणी उरत नसे. तोवर निम्मी मंडळी वॉशरूमला गेलेली असत.

त्याची बायको अरुणा मात्र वेगळ्याच कारणाने वैतागलेली होती. तिच्या वडिलांनी, देवदत्त मास्तरांनी, तिला झोपाळ्याच्या पितळी कड्या दिल्या होत्या. एअरपोर्टवर बॅग उघडून, ही हत्यारं नाहीत हे पटवत पटवत तिने त्या आणल्या, आणि पुढची आठ वर्षं त्या बेसमेंटमध्ये बासमतीच्या रिकाम्या पोत्यात पडून राहिल्या. का? तर उल्हासचं कॅल्क्युलेशन बाकी होतं. त्यांची मुलगी अपूर्वा म्हणायची, "डॅड, इट्स जस्ट अ स्विंग." हे ऐकून तो आणखी दोन पानं कॅल्क्युलेशन करायचा.

२००८च्या मे महिन्यात मास्तर आले. अरुणाने त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं, "अहो, बाबा एक्क्याऐंशीचे आहेत. ते पुन्हा येणार नाहीत. ऑक्टोबरात परत जायच्या आत ते माझ्या झोपाळ्यावर बसले पाहिजेत. बस."

उल्हास कामाला लागला. बेसमेंटमध्ये दोन खांब, त्यांवर पन्हळीसारखा आडवा स्टीलचा चॅनल, चॅनलला चार बोल्ट, चार बोल्टांना चार कड्या. मी चेष्टेत विचारलं, "बेसमेंटमध्ये छतावरच्या बर्फाचा स्नो लोड धरलास ना?" तो दचकला. "नाही धरला," म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं.

चॅनलच्या आतल्या बाजूला उतार असतो, म्हणजे तसले एकीकडे जाड, बेव्हल वॉशर चार हवे. त्याने तीनच आणले. "चौथा काऊन आणू? माझ्याजवळ आहे नं," खिसा थोपटत तो म्हणाला.

मास्तर रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्याचं काम बघत. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. उल्हास त्यांना रोज तेच समजावून सांगे, आणि ते रोज शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकत. वर शंकाही विचारत. उल्हासला इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

बोल्ट लांब पान्याने आवळून झाले. आता कारखान्याचा नियम आला. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. दुसरा म्हणजे मी. नट होते वर, चॅनलच्या आत. शिडीवर चढायचा मला कंटाळा आला. मी खालूनच चार बोल्ट मोजले, ओके म्हणालो आणि वहीत सही ठोकली. झाली तपासणी!

मास्तरांच्या जाण्याआधीचा शेवटचा रविवार. बेसमेंटमध्ये चौदा माणसं, वर कोथिंबिरीच्या सांबारवडीचा वास. अरुणाने कड्या चिंचेने घासून लख्ख केल्या होत्या. मास्तर बसणार, तेवढ्यात उल्हासला भाषण सुचलं. "बाबा, एक मिनिट. सगळ्यांना सांगतो, हे सेफ का आहे ते." आणि सवयीने खिशातून वॉशर काढून त्याने उंच धरला.

सगळे सांबारवडीकडे सरकू लागले. मास्तर कडीला हात लावून तसेच उभे.

"उल्हासराव," ते म्हणाले, "आणले तीन. चौथा तुमच्या खिशातला लावणार होते नं?"

"हो बाबा."

"मग हा कोणता?"

उल्हासने हातातल्या वॉशरकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग माझ्याकडे. मला तेव्हा वॉशरूमला जायची फार इच्छा झाली.

तो शिडीवर चढला, वॉशरशिवायच बसवलेला चौथा नट सोडवला आणि बोल्ट घेऊन खाली आला. बोल्ट चांगलाच वाकला होता. एक माणूस जागचा हलला नाही.

"दुनियेचे बोल्ट तपासतो मी," उल्हास म्हणाला, "अन् तुम्हाला यावर बसवणार होतो, बाबा." अरुणाने तोंडावर पदर धरला.

"बसवलं कुठं? मी ऐकत होतो नं रोज," मास्तर म्हणाले. "वर्गात एक जरी पोरगं ऐकत असलं तरी शिकवणं वाया जात नाही बाप्पा. लावा आता तो वॉशर. माझे पाय दुखून राहिले."

उल्हासने नवा बोल्ट घातला आणि हातातला वॉशर त्याच्या नटाखाली बसवला. मला शिडीवर चढवून, हात लावून चारही वॉशर चारदा मोजायला लावले. मग मास्तर बसले. शेजारी अरुणा बसली. तिने पायाने हलकेच झोका दिला आणि चौदा जणांसमोर रडून घेतलं.

पुढच्या संक्रांतीला मंडळात एक नवा मुलगा आला, संजय. त्याला सल्ला द्यायच्या आत उल्हासने गाठलंच. खिशातून निघाला एकच वाकलेला बोल्ट, त्याच्या बेसमेंटमधला.

"हा कोणी वाकवला, विचार."

"कोणी?"

"मी," उल्हास म्हणाला. मग माझ्याकडे बोट दाखवून, "अन् तपासला यानं."